यंत्राने बोट कुठे ठेवले?

घरात कुणाच्या तरी छातीत दुखते. रात्र कशीबशी निघते आणि सकाळी रिक्षा करून सगळी वरात जवळच्या दवाखान्यात पोहोचते. कार्डिओग्राम निघतो. गुलाबी चौकटींच्या कागदाची ती पट्टी हातात पडते आणि मग डॉक्टर येईपर्यंतची ती दहा मिनिटे! रेघांतले आपल्याला काही कळत नाही. पण वरच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःहून छापलेला एक इंग्रजी शब्द मात्र बरोबर कळतो : 'अ‍ॅबनॉर्मल'. आईचा चेहरा उतरतो. धाकटा भाऊ काकांना फोन लावायला बाहेर पळतो.

मग डॉक्टर येतात. पट्टी उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, ''काही नाही, घाबरू नका.'' आपण धीर करून विचारतो, ''पण डॉक्टर, मशीन तर वेगळंच म्हणतंय...'' डॉक्टर पट्टी टेबलावर पसरतात आणि एका जागी बोट ठेवतात. ''हे बघा, इथे रेघ थरथरलीय. हात हलला असेल, नाहीतर वायर सैल असेल. आणि हे पुढचे ठोके बघा. सगळे एका अंतरावर, एका आकाराचे.''

त्या बोटाने आपला जीव भांड्यात पडतो. 'काही नाही' या दोन शब्दांनी तो तितकासा पडलेला नसतो. पट्टी वाचता येत नसली तरी डॉक्टर कुठे बघून बोलत आहेत, एवढे आपल्याला दिसते. उद्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली, तर त्यांनाही त्याच जागी बघायला सांगता येते.

आज अशा पट्ट्या वाचणारी, रुग्णाशी बोलणारी, बँकेत आणि विमान कंपनीत आपल्या प्रश्नांना उत्तरे देणारी शिकाऊ यंत्रे आली आहेत. त्यांतली काही फार हुशार आहेत. प्रश्न त्यांच्या हुशारीचा राहिलेला नाही. प्रश्न असा आहे की, 'कशावरून?' असे विचारल्यावर ती बोट कुठे ठेवतात, आणि वायर जराशी हलली तर त्यांचे उत्तर टिकते का?

मिठाच्या पाण्यातले हातपाय

ही पट्टी आपल्या घरात आली ती नेदरलँड्समधल्या लायडन शहरातून. विलेम आइंटहोवेन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हृदयाची सूक्ष्म वीज टिपणारे यंत्र उभे केले. वजन सुमारे पावणेतीनशे किलो आणि चालवायला पाच माणसे! रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. १९०५ मध्ये त्याने सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणले. पट्टीवरच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे त्यानेच दिली. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

पट्टी वाचायचे मूळ नियम तसे साधे आहेत. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो, म्हणजे एक लहान चौकट ०.०४ सेकंदाची. आधी एक लहान टेकडी येते, ती पी. मग उंच सुळका, त्यानंतर एक रुंद टेकडी. पहिल्या टेकडीच्या सुरुवातीपासून सुळक्याच्या सुरुवातीपर्यंत तीन ते पाच लहान चौकटी असाव्यात. सुळका तीन चौकटींहून रुंद असू नये. सुळक्यांमधली अंतरे वेडीवाकडी झाली आणि लहान टेकडी गायब झाली, तर हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत असल्याची शंका घ्यायची. या विकाराला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.

काळाच्या ओघात ओळीने नोंदलेल्या अशा मोजमापांना 'कालमालिका' म्हणता येईल. घरातली रक्तदाबाची वही ही कालमालिका, वेधशाळेतली रोजच्या पावसाची नोंद ही कालमालिका, लासलगावच्या बाजारातला कांद्याचा रोजचा भाव हीही कालमालिकाच. हिचे वैशिष्ट्य असे की क्रम मोडला की अर्थ गेला. पत्त्यांसारखी ती पिसता येत नाही. रक्तदाब १५० आहे एवढ्यावर काही ठरत नाही. तो १३० वरून चढत आला की १७० वरून उतरत आला, यावर औषध ठरते.

नियमांकडून नमुन्यांकडे

पूर्वीचा संगणक पट्टी वाचायचा ती माणसाने घालून दिलेल्या नियमांनी. तो चुकला तर कोणत्या नियमापाशी चुकला, हे शोधता यायचे. नव्या पद्धतीत, जिला 'डीप लर्निंग' म्हणतात, नियम कुणी सांगत नाही. हजारो पट्ट्या आणि त्यांची तज्ज्ञांनी दिलेली उत्तरे यंत्रापुढे ठेवायची. यंत्राच्या आत एकावर एक रचलेले आकडेमोडीचे थर असतात. उत्तर चुकले की या थरांतले लाखो आकडे किंचित इकडेतिकडे सरकवायचे, पुन्हा पट्टी दाखवायची, पुन्हा सरकवायचे. हळूहळू उत्तरे बरोबर येऊ लागतात. पण ती का येतात हे त्या लाखो आकड्यांत विरघळून गेलेले असते.

फळ मात्र थक्क करणारे आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने २०१९ मध्ये असे ३४ थरांचे यंत्र जाहीर केले. ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ पट्ट्यांवर ते शिकले होते. हृदयाच्या लयीचे बारा प्रकार ओळखण्यात त्याने त्या चाचणीतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या सरासरीला मागे टाकले.

त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. पट्टी काढताना हृदयाची लय अगदी व्यवस्थित असली, तरी या माणसाला मधूनमधून ती थरथर होत असावी, हे यंत्र त्या साध्या दिसणाऱ्या पट्टीवरून ७९ टक्क्यांच्या आसपास अचूकतेने सांगत होते. पट्टी पुरुषाची की स्त्रीची, हेही अशी यंत्रे बहुतेक वेळा बरोबर सांगतात. पट्टीत नेमके कुठे बघून ती हे ओळखतात, हे मुरलेल्या हृदयरोगतज्ज्ञालाही नजरेने सांगता येत नाही.

इथे आनंद व्हावा की धास्ती वाटावी? दोन्ही. माणसाच्या नजरेतून निसटलेले खरेच काही यंत्राला दिसले असेल, तर त्याहून चांगले काय? पण भलतेच काही दिसले असेल तर?

हुशार घोडा आणि दम्याचे रुग्ण

१९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गाजत होता. फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाने त्याला गणित 'शिकवले' होते. प्रश्न विचारला की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा आणि ते बरोबर यायचे. तज्ज्ञांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट केली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, असे प्रश्न घोड्याला घातले. हान्स गडबडला. विचारणाऱ्याची माणसे नकळत मान आणि अंग किंचित हलवायची, त्यावरून घोडा थांबायचा. उत्तर बरोबर होते, कारण मात्र भलतेच होते.

शिकाऊ यंत्रांत हे हान्सचे दुखणे वरचेवर निघते. २०१८ मध्ये न्यूमोनियासाठी छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या यंत्रांची अमेरिकेत तपासणी झाली. तेव्हा कळले की फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे, हे ती यंत्रे जवळजवळ अचूक ओळखत होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, दुसऱ्यात कमी. मग फुप्फुस बघण्याआधी रुग्णालयाची खूण बघणे सोपे! बाहेरच्या, अनोळखी रुग्णालयातले फोटो आले की अशा यंत्रांची कामगिरी खाली यायची.

त्याहून बोलकी गोष्ट १९९० च्या दशकातली, पिट्सबर्गची. न्यूमोनिया झालेल्यांपैकी कुणाला दाखल करावे आणि कुणाला औषध देऊन घरी पाठवावे, हे ठरवायला मदत करणारी यंत्रे तिथे शिकवली जात होती. सर्वांत अचूक ठरले ते न्यूरल नेटवर्क, म्हणजे आजच्या डीप लर्निंगचे पूर्वज. सोबत नियम मांडून दाखवणारी एक साधी पद्धतही चालली होती. तिने एक विचित्र नियम काढला : दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियात धोका कमी!

डॉक्टर चक्रावले. असे कसे होईल? मग उलगडा झाला. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत आणि त्याच्यावर जास्त लक्ष देत. त्यामुळे ते रुग्ण वाचत. कागदावरचे आकडे खरे होते, पण त्यांतून निघालेला सल्ला जीवघेणा होता. दमेकऱ्याला घरी पाठवा, असेच यंत्र म्हणाले असते.

या कामात असलेले संशोधक रिच कॅरुआना यांनी ही हकीकत पुढे २०१५ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. साधी पद्धत बोट ठेवून दाखवत होती म्हणून चूक सापडली. न्यूरल नेटवर्कने तेच शिकले असणार, पण त्याच्या पोटात ते कुठे दडले आहे आणि त्याशिवाय आणखी काय दडले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून सर्वांत अचूक असूनही ते रुग्णांवर वापरले गेले नाही.

वायर हलली तर?

समजा, यंत्राने योग्य जागी बघायला शिकले. तरी दुसरी परीक्षा उरतेच, कणखरपणाची. दवाखान्यातली पट्टी पुस्तकातल्यासारखी कधीच नसते. रुग्ण घामाने भिजलेला असतो, थंडीने किंवा भीतीने कापत असतो. छातीवरची चकती सुटते. घाईत डाव्या आणि उजव्या हाताच्या वायरी बदलल्या जातात. घरातल्या विजेची गुणगुण पट्टीत उतरते, आणि ती आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा असते, तर अमेरिकेत ६० वेळा. तिकडच्या पट्ट्यांवर शिकलेल्या यंत्राला इथली गुणगुण ओळखीची असेलच असे धरून चालता येत नाही.

मुद्दाम केलेली खोडी तर याहून वाईट. २०१४ मध्ये इयान गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी पांडाच्या फोटोत डोळ्याला न दिसणारा फरक केला. यंत्राने तो गिबनचा फोटो असल्याचे सांगितले, तेही ९९ टक्के खात्रीने. हीच युक्ती कार्डिओग्रामवर लागू पडते का, हे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तपासले आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केले. सरळ फरक मिसळला तर पट्टीवर बारीक दाते उमटतात आणि डॉक्टरला संशय येतो. म्हणून त्यांनी तो फरक घासूनपुसून गुळगुळीत केला. आता पट्टी डॉक्टरांना जशीच्या तशी दिसत होती. यंत्राने मात्र आधी बरोबर ओळखलेल्या पट्ट्यांपैकी चारातल्या जवळजवळ तीन पट्ट्या चुकीच्या वाचल्या.

घाबरून जायचे कारण नाही. पट्ट्यांत अशी खोडी करत कुणी दवाखान्यांतून हिंडत नाही. पण ज्याचे मत केसाएवढ्या धक्क्याने उलटते, त्याने मुळात पट्टी आपल्यासारखी वाचलेलीच नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

बोट ठेवायला शिकवताना

यंत्राला बोट ठेवायला लावायच्या युक्त्या निघाल्या आहेत. सर्वांत सोपी युक्ती झाकण्याची. पट्टीचा एकेक तुकडा झाकत जायचे. ज्या तुकड्यावर झाकण पडताच यंत्राचे उत्तर बदलते, तो तुकडा त्याच्या लेखी महत्त्वाचा. दुसरी युक्ती म्हणजे पट्टीवरचा प्रत्येक बिंदू किंचित हलवला तर उत्तर किती हलेल, याचे गणित करून महत्त्वाच्या जागा लाल रंगाने रंगवायच्या. पट्टीवर लाल डाग दिसले की माणसाला बरे वाटते. ''चला, सुळक्याजवळच बघतंय!''

पण हे बरे वाटणेही तपासून घ्यावे लागते. २०१८ मध्ये काही संशोधकांनी शिकलेल्या यंत्रातले आकडे मुद्दाम विस्कटून टाकले. आता त्याला काहीच येत नव्हते. तरी रंगवण्याच्या काही पद्धती जवळपास तसेच सुबक डाग दाखवत राहिल्या!

कालमालिकेत तर आणखी एक गोची आहे. अतिदक्षता विभागात नाडी, रक्तदाब, श्वास, प्राणवायू अशा अनेक रेघा एकदम धावत असतात. तिथे 'केव्हा' आणि 'कोणती' अशी दोन बोटे ठेवावी लागतात. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांना २०२० मध्ये आढळले की प्रचलित पद्धती या दोहोंची गल्लत करतात. त्यांनी तोडगा सुचवला तो कोणत्याही घरच्या डॉक्टरला पटेल असा. आधी महत्त्वाची वेळ शोधा, मग त्या वेळी कोणती रेघ बोलत होती ते बघा. ''कधीपासून दुखतंय? आणि तेव्हा नेमकं काय झालं?'' डॉक्टर याच क्रमाने विचारतात.

ड्यूक विद्यापीठाच्या सिंथिया रुडिन यांचे म्हणणे याहून कडक आहे. जिथे माणसाचे आयुष्य पणाला लागते, तिथे बंद पेटीला मागाहून स्पष्टीकरणे चिकटवू नका, मुळात उघडी पेटीच बनवा, असे त्यांनी २०१९ मध्ये मांडले. उघडी पेटी कमी अचूक असते, हा समज अनेकदा खोटा ठरतो, असेही त्या सांगतात. यावर संशोधकांत एकमत नाही. मेयोच्या यंत्रासारखी कामगिरी उघड्या पेटीला साधेल का, हा प्रश्न रास्त आहे. पण कारण सांगण्याची जबाबदारी पेटी बनवणाऱ्यावर आहे, ही त्यांची बाजू नाकारणे कठीण.

बोलकी यंत्रे

आता कुणी म्हणेल, हे डाग आणि रेघा कशाला? यंत्रालाच विचारू की, ''बाबा रे, कशावरून म्हणतोस?'' आताची यंत्रे तर बोलतात! बोलणे हीही एक परीने कालमालिकाच. शब्दामागून शब्द येतो आणि क्रम मोडला की अर्थ मोडतो. बोलके यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता शोभेल, याचा अंदाज बांधत पुढे जाते.

बोलक्या यंत्रांची पहिली गाजलेली वंशज-माता म्हणजे एलायझा. एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ती जाहीर केली. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीचे नाव त्यांनी तिला दिले. हीच फुलवाली पु. लं.च्या 'ती फुलराणी'त मंजुळा होऊन आपल्याकडे आली. एलायझा आपलेच वाक्य फिरवून प्रश्न करायची. तिला कळत काहीच नव्हते. तिचे नियम कागदावर वाचता येत होते. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तिच्याशी थोडे बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. खासगी बोलायचे होते! गोड बोलण्याला माणूस किती लवकर भुलतो हे पाहून वायझेनबॉम धास्तावले आणि पुढे आयुष्यभर सावधगिरीचा इशारा देत राहिले.

आजच्या बोलक्या यंत्रांना 'कशावरून?' विचारले की ती पायरीपायरीने कारणे देतात. २०२३ मध्ये संशोधकांनी त्यांना एक सापळा लावला. नमुन्यादाखल दिलेल्या सगळ्या प्रश्नांचे बरोबर उत्तर पहिल्याच पर्यायात ठेवले. यंत्रे नव्या प्रश्नालाही पहिला पर्याय निवडू लागली. अचूकता घसरली. पण कारणे सांगताना 'आधीची उत्तरे पहिल्या पर्यायात होती म्हणून' असे ती म्हणत नव्हती. चुकीच्या उत्तरासाठी ती तर्कशुद्ध वाटणारी कारणमीमांसा रचत होती. शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवून मग 'रीत' लिहिणारी मुले शिक्षकांना चांगली ठाऊक आहेत.

कणखरपणाचेही तसेच. उतारा वाचून उत्तरे देणाऱ्या सोळा यंत्रांना २०१७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये तपासले. उताऱ्याला एक असंबद्ध, पण तसलेच शब्द असलेले वाक्य जोडले, तर त्यांचे सरासरी गुण ७५ वरून ३६ वर आले. त्यानंतर यंत्रे खूप सुधारली, पण परीक्षेची पद्धत आजही तीच हवी. आपल्या घरातली आजी 'मला एट्रियल फिब्रिलेशन आहे' असे सांगणार नाही. ती म्हणेल, ''छातीत धडधडतंय'', नाहीतर ''घाबरं घाबरं होतंय गं.'' यातले 'घाबरं' म्हणजे भीती नव्हे, हे मराठी डॉक्टरला सांगावे लागत नाही. यंत्राला ते कळते का, हे आजींच्याच शब्दांत विचारून बघितल्याशिवाय त्याला आजींशी बोलायला बसवू नये.

आणि चुकले तर जबाबदार कोण? एअर कॅनडाच्या बोलक्या यंत्राने आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका माणसाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. हे यंत्र आपल्या वागण्याला स्वतःच जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो धुडकावला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली.

दवाखान्यात परत

म्हणजे यंत्रे नकोत असे नाही. जिथे हृदयरोगतज्ज्ञ रोज येत नाही, अशा तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता पट्टी वाचणारे यंत्र कुणाचा तरी जीव वाचवील. पण त्याला दारात घेताना नव्या डॉक्टरला विचारतो तेच विचारायला हवे. तू कुणाच्या पट्ट्यांवर शिकलास? आमच्यासारखी माणसे त्यांत होती का? वायर हलली तर तुझे मत बदलते का? खात्री नसेल तेव्हा 'मला सांगता येत नाही' असे म्हणतोस का? आणि तू चुकलास तर आम्ही कुणाचे दार ठोठवायचे?

हे सगळे प्रश्न आपल्यासारख्या घरच्या माणसांना विचारता येतात. त्यासाठी गणित यावे लागत नाही. पुढच्या वेळी ती गुलाबी पट्टी हातात पडेल आणि कोपऱ्यातला शब्द कदाचित पूर्वीपेक्षा खूप शहाण्या यंत्राने छापलेला असेल. तरी डॉक्टर येईपर्यंत थांबू, पट्टी टेबलावर पसरू आणि विचारू, ''यंत्र बरोबर असेलही. पण ते कुठे बघून म्हणतंय, तेवढं दाखवा.''